तुम्ही म्हणाल तसं

वडील गेले तेव्हा मी दौंडला सासरी होते आणि ऑफिसच्या कॉलवर होते. दुसऱ्या फोनवर चुलतभावाचं नाव दिसलं. कॉलवरच्या माणसाला मी "एक मिनिट" म्हणाले आणि फोन घेतला. ते मिनिट पुढे बरेच दिवस संपलंच नाही. दुःख वगैरे नव्हतं ते. गॅस बंद केला की नाही ते आठवू नये, तसं काहीतरी मागे उघडं राहून गेल्यासारखं वाटत होतं.

आमचं घर इनामगावच्या बाहेर, वस्तीवर. घराला लागून झेंडूचं वावर, त्याच्या पलीकडे ऊस, आणि उसापलीकडे घोड नदी. मी एकुलती एक. आई चौथीपर्यंत शिकलेली, वडील सातवीपर्यंत. वडिलांना मी दादा म्हणायचे. आमच्या घरात कॉलेजची पदवी घेणारी मी पहिली. हे मी अभिमानाने सांगत नाही. ते कुणामुळे झालं हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून सांगते.

ते झालं आप्पांमुळे. आप्पा म्हणजे दादांचे थोरले भाऊ. शिरूरला राहतात, पांढरे कपडे, पांढरी टोपी, गावच्या सोसायटीत अनेक वर्षं काढलेली. माझा पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजात नंबर लागला तेव्हा मुलीला होस्टेलवर ठेवायचं का, यावर घरात बैठक बसली. आत्या, दोन मामा, भावकीतली चार माणसं. सगळे आधी पावसापाण्याचं बोलले. मग आप्पा म्हणाले, "जाऊ द्या पोरीला. मी सोडून येतो." आणि मग एकेक जण म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं." दादाही तेच म्हणाले. ॲडमिशनच्या दिवशी आप्पा माझ्याबरोबर एसटीने आले, खिडकीवरच्या क्लार्कशी असे बोलले की जणू ते त्याचे पाहुणेच, आणि होस्टेलच्या फाटकाशी मला पेरू घेऊन दिले. ते पेरू मी खाल्ले नाहीत. वास जाईपर्यंत कपाटात ठेवले होते.

तर आमच्याकडे निर्णय असा होतो. जो पहिला बोलेल त्याचं चालतं, आणि पहिलं बोलायचा मान थोरल्याचा. बाकीच्यांना वेगळं काही वाटत असेल तरी माणसांत "तुम्ही म्हणाल तसं" असंच म्हणायचं. ती बोलण्याची रीत आहे. ते वाक्य कुणी कसं म्हटलं, यावरून ओळखायचं असतं. दादांना ते ओळखता यायचं. आईने पदराआडून "तुम्ही म्हणाल तसं" म्हटलं की दादा थोडा वेळ गप्प बसत आणि मग म्हणत, "न्हाई आप्पा, आसं न्हाई जमायचं." आप्पाही मग ताणत नसत.

दशक्रिया नदीकाठी झाली. प्रवचन झालं, मग श्रद्धांजलीची भाषणं. माईकवर माणसामागून माणूस येत होता. दादांना ज्यांनी कधी पाहिलं नसावं असे दोघे त्यांच्या मनमिळाऊ स्वभावाबद्दल बोलले. मी खुर्च्यांच्या रांगा बघत होते. लाल खुर्च्या, मध्येच एक निळी. काठावर पुढे, जुन्या वस्तीचं उत्खनन झालं ती टेकाडं दिसत होती. शाळेत असताना आमची सहल तिथेच आली होती, सहल म्हणजे चालतच, आणि गुरुजींनी सांगितलं होतं की इथली माणसं हजारो वर्षांपूर्वी इथेच शेती करायची. तेव्हा मी विचारलं होतं, "मग ती गेली कुठं?" उत्तर काय मिळालं ते आठवत नाही.

घरी आल्यावर पडवीत बैठक बसली. आप्पा म्हणाले, "आता एकट्या बाईमाणसाला वस्तीवर ठिवणं बरं न्हाई. तिला शिरूरला न्यायचं. वरची खोली मोकळीच हाय. वावर माझा पोरगा बघंल, निम्म्या वाट्यानं. तेराव्याला समदे असत्याल, तवा टेम्पो बोलावून सामान हलवू."

आत्या म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." मामा म्हणाले. चुलतभाऊ, म्हणजे आप्पांचा मुलगा, मान खाली घालून बसला होता, तोही म्हणाला. आई आतल्या खोलीत दाराशी बसली होती. ती आप्पांशी कधी थेट बोलत नाही. थोरल्या दिराशी बोलायची पद्धत नाही आमच्याकडे, सासरी आल्यापासून तिने ती पाळली आहे. आतून तिचा आवाज आला, कुणाला उद्देशून आहे ते न कळेल असा: "तुम्ही म्हणाल तसं."

दादा असते तर इथे गप्प बसले असते आणि मग बोलले असते. दादा नव्हते. सगळे उठले, चहा झाला.

चहानंतर मी आईजवळ बसले. तिने पहिलं विचारलं ते फुलांचं. सुतक असल्याने फुलं तोडायची नाहीत असं आत्याने बजावलं होतं, आणि तेराव्यापर्यंत आईने घराबाहेर पडायचं नव्हतं. वावर घरापासून ओरडलं तर ऐकू जाईल एवढं जवळ, आणि ती मला विचारत होती, "कळी कशी हाय? फुगलीया का?"

"उमललीत आई. पिवळं झालंय सगळं."

"पार उमलून गेली म्हंजी ती वाया. न्हाई तोडली तर पुढली कळी न्हाई धरत झाड."

"आई, तुला शिरूरला जायचंय?"

"तितं जाऊन मी करू काय? गॅलरीत बसून रिक्षा मोजू?"

"मग म्हणालीस कशाला तसं?"

"माणसांत आन् काय म्हणायचं? आयकणारा आयकतो." मग तिने पदर सारखा केला. "आता न्हाई ऱ्हायला आयकणारा."

माझ्या आत काही हललंच नाही. आप्पांच्या समोर उभं राहून "नाही" म्हणायचं, एवढंच करायचं होतं. पण ज्या माणसाच्या एका वाक्यावर मी शिकले त्याच्या वाक्याला वाक्य कसं लावायचं? त्या वेळी सगळे जर मनातलं बोलले असते, तर मी इनामगाव सोडून कधी बाहेर पडलेच नसते, हेही मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या सहकाऱ्याचा फोन आला. आधी त्याने नीट विचारपूस केली, मग अडखळत म्हणाला, "ताई, सांगू नये आत्ता, पण पेटी कोमट लागतेय."

पेटी म्हणजे आमचं काम. आमची कंपनी लहान आहे. शेततळ्यातलं पाणी किती आहे ते मोजून मोबाइलवर कळवणारी एक पेटी आम्ही बनवतो. वर छोटं सोलर पॅनेल, आत बॅटरी आणि एक बोर्ड. बोर्डवर जो कर्नेल चालतो, म्हणजे सगळ्यात आतला, बाकी सगळ्याला सांभाळणारा प्रोग्राम, तो आमच्या प्रोसेसरवर नीट बसवणं हे माझं काम. पेटीने पाणी मोजायचं आणि उरलेला वेळ झोपायचं. झोपली की बोर्ड गार राहतो. कोमट लागतो म्हणजे ती जागी आहे, आणि जागी राहिली की पहाटेपर्यंत बॅटरी संपते.

लॅपटॉप मी आणला होताच. रेंज फक्त वावराच्या कडेला लिंबाखाली मिळायची. तिथे बाज टाकून बसले. आत्या पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"सुतकात कॉम्प्युटर चालतो व्हय?"

"त्याला सुतक नसतं, आत्या."

"बरंय बाई त्याचं," आत्या म्हणाली. "ना मेलेल्याचं, ना जित्याचं." मग माझ्याकडे बघत जरा उभी राहिली. "रडली न्हाईस तू अजून."

"नाही."

"रडशील," ती म्हणाली, तुला ताप येईल असं सांगावं तसं, आणि तांब्या ठेवून गेली.

आता ती चूक काय होती ते सांगावं लागेल. सोप्या भाषेत सांगते, कारण ती सोपीच आहे.

कर्नेल अनेक जातींच्या प्रोसेसरवर चालायला हवा असतो. या जातींना आम्ही आर्किटेक्चर म्हणतो. प्रत्येकासाठी सगळं नव्याने लिहीत बसणं शक्य नसतं, म्हणून बरीचशी कामं एकदाच, सगळ्यांना चालतील अशी लिहून ठेवतात. काम नसेल तेव्हा प्रोसेसरने काय करायचं, हे त्यातलंच एक. सर्वांसाठी लिहिणाऱ्याला तुमचा प्रोसेसर कसा झोपतो हे माहीत नसतं. म्हणून तो सावधपणे लिहितो की झोपू नकोस, जागा राहा, काम आलं का ते विचारत राहा. अशा फंक्शनवर, म्हणजे एका कामापुरत्या प्रोग्रामच्या तुकड्यावर, तो 'वीक', म्हणजे दुबळं, अशी खूण करतो. त्या खुणेचा अर्थ, मी आहे, म्हणून काम अडणार नाही, पण याच नावाचं दुसरं कुणी आलं तर मी बाजूला होईन. मग ज्याला आपल्या प्रोसेसरची माहिती आहे त्याने आपल्या फोल्डरमध्ये त्याच नावाचं फंक्शन लिहायचं, खूण न करता. शेवटी सगळे तुकडे जोडणारा लिंकर नावाचा प्रोग्राम दोन्ही बघतो आणि बिनखुणेचं घेतो. कुणाला विचारावं लागत नाही, भांडण होत नाही.

आमच्या प्रोसेसरला झोपवणारं फंक्शन मी लिहिलेलं होतं. ते बरोबर होतं. मागच्या महिन्यापर्यंत पेटी गार असायची. म्हणून मी पहिल्यांदा तेच पुन्हा पुन्हा तपासलं, झोपेची सूचना, घड्याळ, झोपेतून उठवणारा इंटरप्ट. सगळं जागच्या जागी. मग तयार झालेल्या कर्नेलमधली नावांची यादी काढली. त्या यादीत प्रत्येक नावाआधी एक अक्षर असतं. पक्क्या फंक्शनच्या आधी मोठा टी, वीक असेल तर डब्ल्यू. माझ्या फंक्शनच्या नावाआधी डब्ल्यू होता. म्हणजे ते माझं नव्हतंच. ते सर्वांसाठीचं होतं, जागं राहणारं.

माझ्या फाइलमध्ये तर वीक असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. शेवटी ते सापडलं हेडर फाइलमध्ये. हेडर म्हणजे अशी सामायिक फाइल, जी दोन्हीकडच्या फाइलींच्या आधी वाचली जाते. तिथे या फंक्शनची ओळख करून देणारी एक ओळ असते, आणि त्या ओळीतच कुणीतरी 'वीक' हा शब्द घातला होता. चांगल्या हेतूने, वाचणाऱ्याला कळावं म्हणून. पण हेडर सगळेच वाचतात. त्यामुळे सर्वांसाठीचं फंक्शन तर वीक होतंच, माझंही झालं. दोघांवर तीच खूण. मग लिंकरपुढे प्रश्नच राहत नाही. तो ओळीने येतो आणि जे पहिलं दिसेल ते घेतो. पूर्वी माझी फाइल आधी येत होती, म्हणून चालत होतं. मध्ये कुणीतरी फाइलींचा क्रम बदलला आणि सर्वांसाठीचं आधी आलं. एरर नाही, साधी सूचनाही नाही. सगळ्या चाचण्या पास. पेटी पाणी बरोबर मोजत होती. फक्त कोमट होती.

तो शब्द कुणी घातला हे शोधता येतं. मी शोधलं नाही.

लिंबाखाली बसून मी त्या ओळीकडे किती वेळ बघत होते कोण जाणे. घरात भांड्यांचा आवाज येत होता. समोर वावर पिवळंधमक, आणि एकही फूल तोडलेलं नाही. मला काही साक्षात्कार वगैरे झाला नाही. एवढंच दिसलं की काल पडवीत सगळ्यांच्या बोलण्यावर एकच खूण होती. आईच्याही. चुलतभावाच्याही, कारण त्याला शिरूरचं दुकान सोडून वावर बघायची इच्छा नाही हे मला माहीत होतं. आप्पा पहिले बोलले, एवढाच फरक. आणि आप्पा जे बोलले ते वाईट नव्हतं. ज्याला आईची माहिती नाही अशा कुणीही, कुठल्याही विधवा भावजयीसाठी, सावधपणे तेच ठरवलं असतं.

मी हेडरमधला शब्द काढला. कर्नेल पुन्हा बिल्ड केला. डब्ल्यूचा टी झाला. सहकाऱ्याला पाठवला. तो म्हणाला, "ताई, एका शब्दाचंच होतं?" मी म्हणाले, "हो."

तेराव्याच्या दिवशी जेवणं उरकल्यावर पुन्हा पडवीत माणसं बसली. टेम्पो दारात येऊन उभा होता, ड्रायव्हर सावलीत तंबाखू मळत होता. आप्पांनी ठरलेलं पुन्हा सांगितलं. आत्या म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." मामा म्हणाले. मी उंबऱ्याजवळ उभी होते. माझी पाळी नव्हती, लेकीची पाळी नसतेच. मी म्हणाले, "आप्पा, आई इथंच राहणार आहे. वावर तीच बघणार."

माझा आवाज सपाट होता. कॉलवर काम कुठपर्यंत आलं ते सांगते तसा.

भावकीतले एक म्हातारे म्हणाले, "आता दौंडच्या पाव्हण्या हितलं ठरवणार व्हय?"

कुणीतरी हसलं. आप्पा हसले नाहीत. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तुझी आई काय म्हणतीया?" त्यांनी मला विचारलं, कारण आईला थेट विचारायची त्यांनाही पद्धत नव्हती.

आतून आवाज आला, "तुम्ही म्हणाल तसं."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला राग यायला हवा होता. आला नाही.

"ती असंच म्हणणार, आप्पा," मी म्हणाले. "मी तसं म्हणत नाही. ती इथं राहणार."

आप्पांनी दारातल्या टेम्पोकडे पाहिलं. मग म्हणाले, "मग हे दहाव्यालाच सांगायचं ना बाई. मी हितं टेम्पो आणून बसलोय." आणि आत्याकडे वळून, "आन् तुम्ही समदे नंदीबैलावानी माना हालवताय. मला वाटलं, समद्यांच्या मनात हेच हाय. कुणीतरी बोलाया पायजे म्हणून बोललो मी."

"तुमच्यापुढं कोण बोलंल?" आत्या म्हणाली.

"ही बोलली की." ते माझ्याकडे बघत होते. नजरेत राग नव्हता, कौतुकही नव्हतं. पुन्हा ते आपल्या मुद्द्यावर आले, "बरं, ऱ्हाईल. पण शेतीची लाइट येती रातची. आंधारात हिरीवर कोण जाणार? तुझा भाऊ जाऊन मोटर चालू करील."

चुलतभाऊ म्हणाला, "शिरूरवरनं? रोज?"

"मग कोण करील?"

"मोटर मला येती चालू करता," आई म्हणाली.

ते वाक्य दारातून सरळ आप्पांकडे आलं. आई दाराच्या आतच होती, पदर डोक्यावर होता. पण ते त्यांनाच उद्देशून होतं, यात शंका घ्यायला जागा नव्हती. माझ्या आठवणीत ती त्यांच्याशी पहिल्यांदा बोलली. म्हाताऱ्यांनी पुढचं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

आप्पांनी मान खाली घातली. मग टोपी डोक्यावर ठेवत, तेही सरळ दाराकडे बघून, म्हणाले, "फ्यूज गेला तर हात घालू नको. वायरमनला बोलवायचं."

"व्हय," आई म्हणाली.

एवढंच झालं. टेम्पोवाल्याला चहा दिला. रिकामा जातोय म्हणून आप्पांनी त्यात मंडपवाल्याच्या खुर्च्या भरायला सांगितल्या, त्या तशाही शिरूरलाच जायच्या होत्या. निघताना मी पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुझा बा असाच मधी बोलायचा." आणि थोडं थांबून, "तो न्हाई म्हणंल या भरवशावर मी बोलायचो." मग ते गाडीत बसले.

हे मला आधी का कळलं नव्हतं, ते मला सांगता येणार नाही. सर्वांसाठीचं फंक्शन लिहिणारा माणूस ते वीक का ठेवतो, हे मी नव्या मुलांना दरवर्षी शिकवते. आपलं चालावं म्हणून तो ते लिहीत नाही. ज्याला आपल्या जागेची माहिती आहे असं कुणीतरी येईल, या भरवशावर लिहितो. तोपर्यंत काम अडू नये, एवढीच त्याची काळजी असते. होस्टेलच्या फाटकाशी आप्पांनी पेरू दिले तेव्हाही ते बहुधा कुणीतरी मनातलं काही, हो किंवा नाही, बोलेल याची वाट बघत असतील. कदाचित माझीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई वावरात आली. तिने वावराकडे बघितलं. फुलं पार उमलून खाली वाकलेली, काहींच्या पाकळ्या काळवंडलेल्या. बाजारात घालण्यासारखी त्यात फार थोडी होती. आम्ही दोघी एकेक सरी धरून तोडायला लागलो. चांगली पाटीत, बाकीची बांधावर. बांधावरचा ढीग पाटीपेक्षा मोठा होत गेला.

खिशातला फोन वाजला. सहकाऱ्याचा मेसेज होता. पेटी गार आहे, बॅटरी भरलेली आहे. मी फोन परत ठेवला.

"ऑफिसचं का?" आईने विचारलं.

"हो. झालं ते."

"मग ती सरी घे." तिने पुढची सरी दाखवली. "देठापासनं तोड. नुसतं फूल ओढू नको."

मी देठापासून तोडू लागले. हाताला झेंडूचा तो उग्र वास लागला होता. मला रडू येईल असं वाटत होतं, म्हणजे आत्या म्हणाली होती म्हणून मी वाट बघत होते. आलं नाही. सरी संपली, की पुढची घ्यायची. आई माझ्या बरीच पुढे गेली होती.